चौथ्या प्रश्नाचं उत्तर

शाळा कशी बघावी हे मृणालिनी खासनीसला विचारावं. चार महिन्यांत बाईनं ऑकलंडमधल्या अकरा शाळा पालथ्या घातल्या होत्या. त्यातल्या सहा चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारचा पण कारभार ज्याचा त्याचा, अशा. या शाळांचं वारं सुटल्यापासून आपल्या मराठी पालकांत दोन तट पडले होते. एक, 'छे हो, प्रयोग नुसते, आपल्या मुलांवर कशाला' म्हणणारे. आणि दुसरे, गुपचूप जाऊन बघून आलेले. चारचौघांत मृणालिनी पहिल्या तटात बसायची.

घरी लॅपटॉपवर मात्र तिचा एक तक्ता होता. अकरा ओळी, तेवीस रकाने. वर्गात मुलं किती, वर्षभरात शिक्षक किती बदलले, बसला वेळ किती लागतो, मैदान खरंच आहे की फक्त फोटोत आहे, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी लागते का. हो, कडीसुद्धा लावून बघायची ती. पेशाच तसा. पुण्याहून येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली बारा वर्षं ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट कुठे आहे ते हुडकायचं आणि नीट लिहून द्यायचं. एका मुख्याध्यापकांना तर तिनं त्यांच्याच माहितीपत्रकातली चूक दाखवली होती. बिचारे थँक्यू म्हणाले आणि बिस्किटांच्या टेबलाकडे सटकले.

शाळांना तिनं आपली नावं ठेवली होती, कारण खरी नावं सगळी एकाच साच्यातली. टेकडीवरची, दुकानांवरची, लाल कुंपणाची, आणि पेनरोजमधली गोदामातली. आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? शाळा तर दाराशी होती. आणि अशीतशी नाही! इथे शाळेच्या हद्दीत घर असेल तर प्रवेश, त्याला म्हणतात झोन. त्या शाळेच्या झोनमध्ये घर मिळावं म्हणून लोक जीव टाकतात. खासनीसांनी अल्बनीत घर घेतलं तेही त्याच पायी. मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागावं माणसानं?

कारण रोज सकाळी साडेआठला गाडीत बसलेलं असायचं. तिची तेरा वर्षांची मुलगी, श्रिया.

गाडी फाटकासमोर थांबायची. श्रिया दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि दार काही उघडायची नाही. पाच मिनिटं. दहा. मागच्या गाड्या वळसा घालून पुढे जायच्या. आत अडीच हजार मुलांचा कालवा चाललेला.

"श्रिया, उतरतेस ना बाळा?"

"माय टमी हर्ट्स."

फेब्रुवारीत पोरगी मोठ्या शाळेत गेली तेव्हा हे पंधरवड्यातून एकदा व्हायचं. मेमध्ये आठवड्यातून तीनदा. ऑगस्ट उजाडला तोवर रोजचंच झालं. मृणालिनीनं समजावलं, रागावली, आमिषं दाखवली, एकदा तर स्वतः उतरून पलीकडचं दार उघडून उभी राहिली. श्रियानं आतून पट्टा घट्ट धरला. त्या दिवशी मृणालिनी ऑफिसच्या गाडीतळावर वीस मिनिटं बसून रडली आणि मग डोळे पुसून मीटिंगला गेली. डॉक्टरांनी पोट तपासलं, पोटात काही नव्हतं. मनाचं आहे म्हणाले, समुपदेशकाच्या यादीत नाव घातलं. ती यादी अजून हलायची आहे.

सव्वानऊला फोन थरथरायचा. शाळेचा मेसेज: श्रिया पहिल्या तासाला गैरहजर, कारण कळवावे. मृणालिनी कारण कळवायची. व्हायरल. डेंटिस्ट. पुन्हा व्हायरल. पुन्हा डेंटिस्ट. तेवढ्या वेळा खरंच गेली असती तर पोरीच्या तोंडात एव्हाना चाळीस दात असायला हवे होते.

मराठी मंडळात यातलं कोणाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दोन गल्ल्या सोडून सुमेधा राहायची, तिची दहा वर्षांची मैत्रीण. सुमेधाचा आरव त्याच शाळेत, त्याच इयत्तेत. "अगं, आरव म्हणतो श्रिया दिसत नाही हल्ली," सुमेधानं एकदा विचारलं. "वर्ग वेगळे ना गं त्यांचे," मृणालिनी हसून म्हणाली आणि शेवेचा डबा पुढे केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही तिच्या आईची शिकवण. त्यातून पुण्याच्या घरी तिचं शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक अजून फ्रेममध्ये होतं. पहिलीपासून दहावीपर्यंत एक दिवस शाळा न बुडवलेली बाई ही. गोवर आला तोही नेमका दिवाळीच्या सुट्टीत! तिच्या पोरीला शाळेच्या फाटकातून आत जाववत नाही, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

म्हणून तो तक्ता. शाळा बदलली की सगळं सुटेल, आणि लोकांना सांगायला कारणही बरं राहील: 'आम्हीच बदलली. जास्त चांगली मिळाली.'

गोदामातली शाळा आधी पाहिली तिच्या नवऱ्यानं. सुशील पेनरोजमध्ये एका किराणा कंपनीच्या डेपोत मालाच्या गाड्यांचं नियोजन करायचा. डेपोच्या मागच्या गल्लीत, टायरच्या जुन्या गोदामात शाळा निघाली. मुलं जेमतेम साठ.

"डब्याच्या सुट्टीत बाहेर येतात ना ती मुलं, हसत असतात," सुशील म्हणाला.

"हसणं कुठल्या रकान्यात घालू मी?" मृणालिनी खेकसली. खेकसायला ती हल्ली टपलेलीच असायची. तिला झोप नव्हती, तिचं जेवणात लक्ष नव्हतं. भाजी फोडणीला टाकून ती शाळांची संकेतस्थळं उघडायची आणि मग घरभर करपल्याचा वास. सुशील मुकाट्यानं खिडक्या उघडायचा.

तरी एका शनिवारी तिघं गेली. आधीच्या दहा शाळांपैकी पाच ठिकाणी श्रिया गाडीतून उतरलीच नव्हती, उरलेल्या पाच ठिकाणी बापाच्या मागे उभी होती. इथे गल्लीत गाडी थांबली, समोर नालीदार पत्र्याची भिंत, बाजूला ट्रकांची घरघर. मृणालिनीनं मनातल्या मनात आवाजाच्या रकान्यात शून्य भरलं. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. श्रिया उतरली होती. आपणहून!

दाराशी एक धिप्पाड बाई उभ्या होत्या, पायात जांडल्स, म्हणजे इथल्या भाषेत साध्या रबरी सपाता. "किया ओरा, या या," म्हणाल्या; किया ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार. मृणालिनीला वाटलं शिपाईणबाई असतील. त्या निघाल्या मुख्याध्यापिका, अरोहा. मृणालिनीनं पाहुण्यांच्या वहीत सही केली, स्वतःच्या नावाची, आणि तडक स्वच्छतागृहाची कडी बघायला गेली. तिथून तिला लेकीचा आवाज ऐकू आला.

"डू यू हॅव अ बेल हिअर?"

"घंटा? नाही गं," अरोहा इंग्रजीत म्हणाल्या. "वेळ झाली की मीच ओरडते. कोणाला उठायचं नसेल तर हात वर करायचा. काम संपवून ये म्हणते मी."

मग त्यांनी तिचं नाव विचारलं. श्रियानं खांदे उडवले आणि ती सरळ एका टेबलाशी गेली. तिथं एक मुलगी जुनं शिवणयंत्र उघडून बसली होती. श्रिया तिच्या शेजारी खाली बसली ती अर्धा तास उठली नाही. मृणालिनीनं तक्त्यात लिहिलं, 'घंटा: नाही', आणि शिस्तीच्या रकान्यात एक गुण कापला. डोकं तक्त्यात घातलं की माणसाला डोळ्यांपुढचं दिसत नाही, ते असं.

परतताना गाडी हार्बर ब्रिजवर चढली तेव्हा मागून आवाज आला. "दॅट वन वॉज ओके."

मृणालिनीनं सुशीलकडे बघितलं, सुशीलनं मृणालिनीकडे. चार महिन्यांत कुठल्याही शाळेबद्दल पोरीच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. तेवीस रकाने गेले खड्ड्यात! तीच शाळा हवी, आणि तीच मिळायला हवी. पुढच्या टर्मला जागा होत्या बारा. जायचीयायची सोय सुशीलच्या गाडीत. सगळं जुळत होतं.

राहिला फॉर्म. प्रश्न फक्त चार. नाव-पत्ता, आत्ताची शाळा, मुलाला काय आवडतं, आणि चौथा: 'तुमच्या मुलाचं आत्ताच्या शाळेत काय जमत नाहीये? मोकळेपणानं लिहा.'

त्यावर मृणालिनीनं चारशे शब्द लिहिले. श्रिया अभ्यासात हुशार आहे. वागायला नम्र आहे. भरतनाट्यमच्या तीन परीक्षा पहिल्या श्रेणीत पास आहे. मराठी शाळेत पाठांतराचं पहिलं बक्षीस तिचं आहे. आत्ताच्या शाळेत तिला कसलीही अडचण नाही, केवळ अधिक मोठ्या संधीसाठी अर्ज करत आहोत. सुशीलनं वाचलं आणि डोकं खाजवलं.

"मृणाल, हे शाळेला पाठवतेयस की विवाह मंडळाला? गृहकृत्यदक्ष एवढंच राहिलंय बघ लिहायचं."

"मग काय लिहू? माझ्या मुलीत खोट आहे असं लिहू? कोण घेईल तिला?"

"त्यांनीच विचारलंय ना पण."

"विचारतात सगळेच. सांगतं कोण?"

सुशीलनं चष्मा नाकावर सारखा केला. त्याच्याही लग्नाच्या माहितीपत्रात चष्म्याचा नंबर आला नव्हता.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. ऑफिसात, भर कामाच्या वेळी. मृणालिनीनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चक्क उभी राहिली. 'किया ओरा मृणालिनी, श्रियाचं इतकं छान चाललंय हे वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे जागा थोड्या आहेत आणि ज्यांना आत्ताच्या शाळेत जमत नाही अशा मुलांचा विचार आम्ही आधी करतो. श्रियानं आहे तिथंच राहावं हे उत्तम. शुभेच्छा.'

पहिल्या नंबरानं आली म्हणून नापास! असा निकाल खासनीसांच्या सात पिढ्यांत कोणाचा लागला नसेल. मृणालिनी जिन्यात गेली, वर चढली, खाली उतरली, परत वर चढली. मग तिनं शाळेला फोन लावला. अरोहांनी उचलला.

"मी... माझ्याकडून फॉर्म नीट भरला गेला नाही," ती म्हणाली.

"नो वरीज," अरोहा म्हणाल्या. "दुसरा पाठवा. पण शुक्रवारी पाचला आमची यादी बंद होते. खरं काय आहे तेवढंच लिहा. लहान असलं तरी चालेल."

हा झाला मंगळवार. बुधवारी तिनं दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. 'श्रिया थोडी लाजाळू आहे.' खोटं. 'श्रियाला सकाळी लवकर उठायला त्रास होतो.' त्याहून खोटं, पोरगी पाचपासून जागी असायची, छताकडे बघत. गुरुवारी सुमेधाचा मेसेज आला, 'शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात श्रिया नाचणार ना?' मृणालिनीनं अंगठा पाठवला, मग त्या अंगठ्याकडेच बघत बसली. किती दिवस असे अंगठे दाखवत जगणार? पण नुसती कल्पना केली, चौथ्या प्रश्नाखाली ते अक्षरांत उमटलेलं, कोणीतरी परक्यानं वाचलेलं, की पोटात गोळा यायचा. तिला आता कळत होतं, पोट दुखणं म्हणजे नाटक नसतं.

शुक्रवारी ती घरून काम करत होती. श्रियाही घरीच, अर्थात. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागदावर काहीतरी रेघोट्या ओढत. दुपारी तीन वाजले. साडेतीन. कोरी चौकट समोर, आणि शेजारच्या खिडकीत तो जुना फॉर्म, त्यातलं काही वापरता येतंय का बघायला उघडलेला. पावणेचारला दारावर कुरिअरवाला आला. मृणालिनी सही करायला गेली, पार्सल शेजाऱ्यांचं निघालं, ते देऊन परत यायला पाचेक मिनिटं लागली.

आली तर श्रिया तिच्या खुर्चीत बसून तो जुना फॉर्म वाचत होती.

"आई, हू इज धिस?"

"म्हणजे काय? तू."

श्रिया आणखी थोडं वाचत राहिली. तिचा आवाज शांत होता, तेच फार लागलं.

"शी साउंड्स रिअली नाइस," ती म्हणाली. "यू शुड सेंड हर टू स्कूल."

मृणालिनी शेजारची खुर्ची ओढून बसली. तोंडात शब्द आले ते पुन्हा तसलेच होते, अगं असं काय करतेस, तुझ्या भल्यासाठीच ना. पण ते बाहेर पडेनात. पोर उठून चालली होती. मृणालिनीनं तिचा हात धरला. घट्ट नाही, नुसता धरला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला लाज वाटत होती. तुझी नाही गं. मला सोडवता येत नाहीये याची. थांब. बस इथे. मला येतं तसं लिहिते, चुकलं तर सांग."

आणि तिनं जुनी खिडकी बंद केली. बारा वर्षं ती रोज जे लिहीत आली होती, तसंच लिहायला घेतलं. काय व्हायला हवं. प्रत्यक्षात काय होतं. कधीपासून. किती वेळा. ऑफिसात एखादी खोट लिहिताना ती कधी कोणाची लाज काढायची नाही, कोणाची चूक म्हणायची नाही. जे दिसलं ते लिहायचं, म्हणजे ज्याला दुरुस्त करायचंय त्याला कळतं. मग इथेच का हात अडला होता, देव जाणे.

'श्रिया शाळेत जायला हवी,' तिनं इंग्रजीत टाइप केलं. 'प्रत्यक्षात ती गाडीतून उतरू शकत नाही. फेब्रुवारीपासून. आता रोज. पोट दुखतं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. आम्ही शाळेला खोटी कारणं दिली. मैत्रिणींनाही दिली.' तिची बोटं थांबली. 'शाळेतल्या गर्दीमुळे असावं.'

"नो," श्रिया शेजारून म्हणाली.

मृणालिनीनं मान वळवली नाही. वळवली तर पोर गप्प होईल, एवढं तिला आता समजत होतं. "मग?"

घड्याळात चार दहा.

"इट्स द बेल," श्रिया म्हणाली. "घंटा वाजली की सगळे एकदम धावतात." हे तिनं मराठीत म्हटलं की इंग्रजीत, हे मृणालिनीला नंतर आठवेना. "जिन्यात ढकलाढकली होते. एकदा मी पडले. सगळे वरून गेले. कोणी मुद्दाम नाही केलं. बट आय कुडन्ट ब्रीद. आता घंटा वाजायच्या आधीच मला ती ऐकू येते. गाडीतसुद्धा. घरीसुद्धा."

"कधी पडलीस?"

"सेकंड वीक."

दुसरा आठवडा. फेब्रुवारी. आणि हिनं त्या आठवड्यात तिलाच बोल लावला होता, गुडघा फुटला तो खेळताना लक्ष नसतं म्हणून. मृणालिनीचे डोळे भरून आले, स्क्रीनवरची अक्षरं पुसट झाली, पण ती लिहीत राहिली. श्रियानं दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. 'घाबरट' काढून टाकायला लावला. ते बरोबरच होतं. चार बावन्नला त्यांनी फॉर्म पाठवला, आणि पाठव म्हणणारं बटण श्रियानं दाबलं.

मग मात्र मृणालिनीला एका जागी बसवेना. चहा टाकला, प्यायला विसरली. ओटा पुसला. पुसलेलाच ओटा परत पुसला. फोन हातात घेऊन सुमेधाला लिहिलं, 'श्रिया उद्या नाचणार नाही. ती फेब्रुवारीपासून शाळेत जाऊ शकत नाहीये. तुला खोटं सांगत होते, माफ कर. भेटलो की सांगते.' विचार बदलायच्या आत पाठवून दिलं आणि फोन उशीखाली कोंबला. जगबुडी झाली नाही. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं ते तसंच चालू राहिलं.

सव्वापाचला लॅपटॉप वाजला. अरोहांचं उत्तर. मृणालिनीला उघडायचा धीर होईना, तेव्हा श्रियानंच उघडलं. फक्त तीन ओळी होत्या.

'किया ओरा श्रिया आणि मृणालिनी. म्हणजे घंटा आहे का विचारणारी मुलगी तू! त्या शनिवारपासून आम्ही तुझा फॉर्म शोधतोय, आणि नाव माहीत नसल्यानं आलेल्या गठ्ठ्यात तू कुठे सापडेचनास.'

खाली लिहिलं होतं, तुझी जागा ठेवली आहे, टर्म सुरू व्हायची वाट नको, सोमवारीच या, घाई नाही, जमेल त्या वेळी.

मृणालिनीनं ते वाचलं. मग तिला तो आपला तक्ता आठवला, त्यातली ती ओळ, 'घंटा: नाही', आणि कापलेला एक गुण. कडी बघत होती ती त्या वेळी. कडी! पोरीनं एका परक्या बाईला जे एका प्रश्नात सांगितलं होतं, ते घरात सात महिने ओरडत होतं, आणि हिनं ते ऐकून अवगुणाच्या रकान्यात टाकलं होतं. तिनं श्रियाला जवळ घेतलं. एरवी झिडकारणारी पोर या खेपेला तशीच उभी राहिली.

"बाबा किती वाजता निघतो?" श्रियानं विचारलं.

"सहाला."

"टू अर्ली," श्रिया म्हणाली. "तू सोड मला. आणि आई, तिथं पोचलो ना, की दार मी उघडेन. यू डोन्ट से एनीथिंग, ओके?"

"नाही बोलणार," मृणालिनी म्हणाली.